साखर चारली, तरी शुगर चढेना

प्रश्न : माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत, दहा वर्षांपासून मधुमेह आहे. आषाढी एकादशीला सकाळी आठला त्यांनी नेहमीची गोळी घेतली आणि वर नुसता कपभर चहा. अकराच्या सुमारास देवघरासमोर बसल्या बसल्या घामाने निथळू लागल्या, मला नणंदेच्या नावाने हाका मारू लागल्या. मशीनवर शुगर 52. दोन चमचे साखर चारली, वीस मिनिटांनी बघितलं तर 56! पाकिटावर ग्लिमेपिराइड 1, मेटफॉर्मिन 500, व्होग्लिबोज 0.2 असं लिहिलं आहे. श्रावणी सोमवार त्या सोडणार नाहीत. गोळीच बंद करावी का?
– एक वाचक, सांगोला

उत्तर : ताई, पाकिटावरचं सगळं उतरवून पाठवलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे कितीतरी पेशंट चार गोळ्यांचा कापलेला तुकडा घेऊन येतात. औषधाचं नाव दुकानातच राहिलेलं असतं.

सासूबाईंची गोळी दिसते एक, पण आत औषधं तीन. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा इतकी उतरत नाही. उतरवली ती ग्लिमेपिराइडने. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की उपाशी आहात, हे त्याला कळत नाही. म्हणून ही गोळी न्याहारीबरोबरच घ्यायची. चहा म्हणजे न्याहारी नव्हे.

आता साखरेचं. व्होग्लिबोज आतड्यात साखर आणि पिष्ट फुटण्याचं काम मंदावतं. डब्यातली साखर आधी फुटते, मगच रक्तात जाते. तुम्ही चारलेली साखर त्यामुळेच अडकली असणार. तुमची काही चूक नाही. हे घरच्यांना आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. या गोळीवर असलेल्यांच्या घरी ग्लुकोज पावडर हवीच, कारण ग्लुकोज फुटावं लागत नाही. तीन सपाट चमचे पाण्यात ढवळून पाजा, 15 मिनिटांनी तपासा, 70 च्या खाली असेल तर पुन्हा द्या. मग पोटभर खायला घाला. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि तडक दवाखाना गाठा.

माझ्या वडिलांनाही ग्लिमेपिराइड होतं. एकदा दुपारी त्यांची उतरलेली शुगर वर आली म्हणून मी, डॉक्टर असूनही, निर्धास्त झाले. संध्याकाळी पुन्हा 60! हे औषध दिवसभर काम करतं, मूत्रपिंड थकलं असेल तर त्याहूनही जास्त. म्हणून शुगर उतरली त्या दिवशी रात्री झोपण्यापूर्वीसुद्धा तपासायचं. सासूबाईंचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची रक्ततपासणी, वर्षभरात बघितलं नसेल, तर आता करून घ्या.

गोळी मनाने बंद करू नका. तिघांतलं एकच औषध वगळायचं तर ही एकत्रित गोळी अडचणीची; तुमचे डॉक्टर उपवासाच्या दिवसासाठी औषधं सुटी करून, ग्लिमेपिराइड कमी किंवा बंद ठेवून देऊ शकतात. सोमवार संध्याकाळी सोडतात, पण सकाळी फराळ हवाच. निरंकार उपवासाला या वयात, 52 बघितल्यावर, मी तरी हो म्हणणार नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांसमोर बसवून ऐकू द्या.

आणि तो 52 चा आकडा, त्यांची ती बरळ, डॉक्टरांच्या कानावर घातली नसेल तर पहिल्या सोमवारपर्यंत थांबू नका. पाकीट घेऊन उद्याच जा.