चाळीस अडॅप्टर, एक सर्व्हर, तरी निम्मे गप्प

प्रश्न: सर, वेगवेगळ्या शाखांमधे मिळून चाळीसेक इंटरनेट फोन अडॅप्टर मी सांभाळतो, सगळे तिथल्या तिथल्या राउटरच्या मागे आहेत. टीएफटीपी (फाईल देण्याघेण्याची साधी जुनी पद्धत) सर्व्हर उभा केला, प्रत्येकाची सेटिंगची फाईल ठेवली, त्यात नवीन एसआयपी पासवर्ड, म्हणजे फोन लाइनचा पासवर्ड, टाकून दोन दिवस झाले पण निम्म्यांनी उचललाच नाही. आता प्रत्येक शाखेत जाऊ का?

उत्तर: जाऊ नका, आधी सर्व्हरचा लॉग, म्हणजे कुणी काय मागितलं त्याची नोंद, उघडा. सर्व्हर आपणहून काही पाठवत नसतो, अडॅप्टरच येऊन फाईल मागतो, चालू झाल्यावर एकदा आणि मग ठरलेल्या वेळाने, सिस्कोच्या एसपीए अडॅप्टरमधे हा वेळ मुळात 3600 सेकंद असतो. म्हणजे दोन दिवसांत ते बहुतेक येऊन गेलेत आणि रिकाम्या हाताने परत गेलेत.

लॉगमधे 'फाईल सापडली नाही' दिसलं तर नाव अक्षर-अक्षर तपासा. ग्रँडस्ट्रीम अडॅप्टर सीएफजी, त्याला जोडून मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा कारखान्यातून आलेला वेगळा क्रमांक) आणि डॉट एक्सएमएल अशी फाईल मागतो, मॅकमधली अक्षरं स्मॉल. स्टिकरवर मात्र तोच मॅक कॅपिटलमधे छापलेला असतो, तसाच बघून टाइप केला की लिनक्सला ती वेगळीच फाईल वाटते. मी एकदा यापायी अख्खी संध्याकाळ फायरवॉल तपासत बसलो होतो आणि फरक निघाला एका 'बी'चा.

मागणी आलेली दिसते पण फाईल पोचत नाही, असं असेल तर दोष टीएफटीपीचा. मागणी जाते सर्व्हरच्या यूडीपी पोर्ट 69 वर, उत्तर येतं दुसऱ्याच पोर्टवरून, मग काही राउटर ते अनोळखी समजून टाकून देतात, काही जाऊ देतात, तुमचे निम्मेच का चालले ते यातूनच कळेल.

आणि खरं सांगू का, इंटरनेटवरून टीएफटीपी वापरूच नका. त्यात ना लॉगिन ना एन्क्रिप्शन, आणि फाईलमधे एसआयपी पासवर्ड उघडा पडलेला. मॅकचे पहिले सहा अंक (0 ते 9 आणि ए ते एफ) कंपनीचे, उरलेल्या सहाच्या शक्यता होतात जेमतेम 1 कोटी 67 लाख, स्क्रिप्ट लावून कुणीही नावं ओळखत बसेल आणि तुमच्या लाइनवरून परदेशी कॉल करेल. त्याऐवजी एन्क्रिप्शन असलेलं एचटीटीपीएस घ्या, सोबत प्रत्येक अडॅप्टरला वेगळं लॉगिन किंवा क्लायंट सर्टिफिकेट, म्हणजे त्याचं डिजिटल ओळखपत्र. एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून घड्याळ जुळवणं, आधी सेट करा हं, घड्याळ जुनी तारीख दाखवत असेल तर सर्व्हरचं सर्टिफिकेट अजून लागूच नाही असं समजून अडॅप्टर कनेक्शन तोडतो.

जे अजून फाईल उचलतायत त्यांच्या जुन्या फाईलमधे फक्त नवीन एचटीटीपीएस पत्ता टाका, ते आपोआप तिकडे वळतील. उरलेल्यांसाठी त्या शाखेच्या डीएचसीपीत (यंत्रांना नेटवर्कची सेटिंग वाटणारी सोय, बहुधा राउटरमधेच) ऑप्शन 66 मधे तो पत्ता भरायला सांगा, बरेच अडॅप्टर तिथे पूर्ण यूआरएल घेतात, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधे बघून घ्या.

फोन सर्व्हरवरचा जुना पासवर्ड मात्र इतक्यात बंद करू नका. फोन सर्व्हरवरून 'चेक-सिंक'चा नोटिफाय संदेश पाठवून अडॅप्टरला लगेच फाईल मागायला लावता येतं, पण तो जातो चालू रजिस्ट्रेशनमधून, म्हणजे अडॅप्टरने फोन सर्व्हरवर केलेल्या लॉगिनमधून, पासवर्ड आधीच बदललात तर रजिस्ट्रेशन तुटतं आणि मग नोटिफाय पोचतच नाही. चाळीसच्या चाळीस फाईली उचलल्याचं लॉगमधे दिसलं की मगच जुना काढा.