एआरटी केंद्रांच्या नोंदींवरून महिलांमधल्या एचआयव्हीचा नकाशा करता येतो का?

एआरटी केंद्रांवर (म्हणजे एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या केंद्रांवर) नाव नोंदवलेल्या महिलांची जिल्हावार संख्या तुमच्याकडे आहे आणि तीच नकाशावर रंगवू का, असं विचारलंय. रंगवा, पण तो उपचार घेणाऱ्यांचा नकाशा होईल, संसर्गाचा नाही. कितीतरी जणी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबच्या केंद्रात जातात. म्हणून नोंद राहत्या गावाची आहे की केंद्राच्या पत्त्याची, हे आधी बघा. शिवाय नुसती संख्या नको, दर काढा. छेदात 15 ते 49 वयाच्या महिला घ्या.

मी असल्या कामात आधी गरोदर महिलांच्या सेंटिनल सर्वेक्षणाचे, म्हणजे ठरावीक दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर महिलांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीचे, आकडे घेते. दक्षिण आफ्रिकेत ते 1990 पासून चालू आहे. 2010 मध्ये क्वाझुलू-नाताल प्रांतात जवळपास 40 टक्के गरोदर महिला बाधित होत्या, तर वेस्टर्न केपमध्ये 20 टक्क्यांहून कमी. देशाची सरासरी घेतली की हे सगळं झाकलं जातं. त्याच क्वाझुलू-नातालमधल्या ह्लाबिसा भागात मुख्य रस्त्यांजवळच्या घरांतल्या गरोदर महिलांमध्ये संसर्ग जास्त आढळला होता. म्हणजे प्रांताच्या आतही चित्र एकसारखं नसतं.

पण गरोदर महिला म्हणजे सगळ्या महिला नव्हेत. संसर्गामुळे गर्भधारणेचं प्रमाण घटतं, त्यामुळे मोठ्या वयाच्या गटात आकडा कमी दिसू शकतो. किशोरवयीन मुलींमध्ये उलट होतं: गरोदर म्हणजे लैंगिक संबंध आलेल्याच मुली मोजल्या जातात आणि आकडा फुगतो. म्हणून घरोघरच्या सर्वेक्षणाशी ताळा घ्यावा लागतो. 2007 मध्ये भारताचा एकूण अंदाज 50 लाखांच्या वरून सुमारे 25 लाखांवर आला, त्यामागे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या रक्ततपासण्यांचा मोठा वाटा होता.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती लहान आकड्यांत. एका गावात 25 जणी तपासल्या, एक पॉझिटिव्ह निघाली की दर 4 टक्के. आणखी एक निघाली की थेट 8! खरं तर 25 पैकी एक म्हणजे 0.1 पासून 20 टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. असे दर तसेच रंगवले तर सगळ्यात गडद आणि सगळ्यात फिके ठिपके छोट्या गावांचेच निघतात. शेजारच्या गावांचा आधार घेऊन दर सावरणारं बेझियन मॉडेल वापरा, आणि शेजारी अनिश्चिततेचा दुसरा नकाशा द्याच. (तो कुणी बघत नाही, तरी द्या.)

गडद रंग म्हणजे नवीन लागण, असंही समजू नका. उपचारांमुळे बाधित महिला जास्त जगतात, म्हणूनही दर चढतो.

आणि गावपातळीचे ठिपके छापू नका. डीएचएस या घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणातही ओळख उघड होऊ नये म्हणून शहरी ठिकाणं 2 किलोमीटरपर्यंत, ग्रामीण 5 पर्यंत, क्वचित 10 पर्यंत मुद्दाम सरकवलेली असतात. तो डेटा वापरलात तर त्या ठिकाणापासून दवाखाना किती लांब, हे मोजायच्या भानगडीत पडू नका.