वाचकांचे प्रश्न : बस किती लांब, किती जड?

प्रश्न : विजेवर चालणाऱ्या बसची लांबी डिझेल बसइतकीच असूनही पुष्कळदा तिच्यात कमी प्रवासी नेण्याची परवानगी असते, असे का? आणि एकूण वजनाची मर्यादा असताना प्रत्येक अ‍ॅक्सलसाठी (म्हणजे चाकांच्या जोडीला धरणाऱ्या आडव्या दांड्यासाठी) निराळा नियम कशाला?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. रस्त्याला बसचे एकूण वजन जाणवत नाही. एकेका अ‍ॅक्सलवरून चाकांमार्फत उतरणारा भार जाणवतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक अहोरात्र फिरवून ज्या चाचण्या झाल्या, त्यांतून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दहा टक्क्यांनी वाढला तर झीज सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते, आणि वीस टक्क्यांनी वाढला तर ती दुपटीहून अधिक होते. पुलांच्या बाबतीत मात्र एकूण वजन आणि अ‍ॅक्सलांमधील अंतर हेही पाहावे लागते, म्हणून दोन्ही मर्यादा लागतात.

बसची अडचण अशी की इंजिन बहुधा मागे असल्याने मागच्या अ‍ॅक्सलवरच अधिक भार येतो. युरोपीय संघात चालक (म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या) अ‍ॅक्सलसाठी ११.५ टनांची मर्यादा आहे. दोन अ‍ॅक्सलांच्या बसची एकूण मर्यादा २०१५ मध्ये १८ टनांवरून १९.५ टन करण्यात आली; प्रवाशांचे आणि त्यांच्या सामानाचे सरासरी वजन वाढले, हे त्यामागचे एक अधिकृत कारण होते. अमेरिकेने १९९२ मध्ये सार्वजनिक बसना अ‍ॅक्सलच्या केंद्रीय मर्यादेतून ‘तात्पुरती’ सूट दिली आणि पुढे ती वाढवतच नेली. बस हलकी करण्यापेक्षा नियम सैल करणे सोपे जाते, हे उघड आहे, पण झिजलेल्या रस्त्याचा खर्च त्यामुळे टळत नाही.

आता विजेच्या बसविषयी. प्रवासीसंख्या केवळ जागेवरून ठरत नाही. अनुज्ञेय वजनातून रिकाम्या बसचे वजन वजा करून उरलेल्या भारात माणसे बसवावी लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत शहरी बससाठी दरमाणशी ६८ किलो धरले जातात. बॅटरीमुळे रिकामी बस एक टनाने जड झाली, तर या हिशेबाने चौदा-पंधरा माणसे कमी होतात. तिसरा अ‍ॅक्सल जोडला तर भार विभागला जातो, परंतु बसचे स्वतःचे वजनही वाढते. आणि अशी बस लांब केली, तर वळणाची अडचण उभी राहते. युरोपात कोणत्याही बसला १२.५ मीटर बाह्य आणि ५.३ मीटर आंतर त्रिज्येच्या वर्तुळपट्ट्यात वळता आलेच पाहिजे.