संग्रहालयात तास घेताना : प्राध्यापकांचे प्रश्न

विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात तास घ्यायचा म्हटलं की दरवर्षी तेच प्रश्न येतात. म्हणून ही उत्तरं एकदाच.

मी वाणिज्य शाखेला शिकवतो. चित्रांचा आमच्याशी काय संबंध?

रविवर्म्याचं छापील चित्र संग्रहात असेल तर मुलांना त्याची खालची कडा वाचायला लावा. ‘कार्ले-लोणावळे’ हा त्याच्या प्रेसचा पत्ता अनेक चित्रांवर सापडतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला का हलला? चित्रं घरोघरी पोहोचली, तरी कर्जापायी तो जर्मन तंत्रज्ञ श्लायखर यांना का विकावा लागला? खेळत्या भांडवलाचा धडा याहून चांगला कुठे मिळणार! मात्र संग्रहात काय आहे ते आधी अभिरक्षकांना (क्युरेटरना) विचारा.

चित्रं बघून डॉक्टरांचं निदान सुधारतं म्हणे?

असं कोणी सिद्ध केलेलं नाही. येलमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांना तिथल्या ब्रिटिश कलासंग्रहालयात चित्रांचं बारकाईने वर्णन करायला लावलं. पुढे रुग्णांच्या छायाचित्रांतल्या खुणा टिपण्यात ही मुलं सरस ठरली. २००१ साली छापून आलं ते एवढंच. तेही कमी नाही.

एक कंपनी व्हीआर चष्म्यांचं ‘म्युझियम पॅकेज’ देते आहे. घ्यावं का?

नाही. खरं चित्र आवारातच आहे, चालत जा.

‘इंडियन यलो’ हा जुन्या चित्रांतला पिवळा रंग गोमूत्रापासून करत आणि तो अतिनील उजेडात चमकतो, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. बीएस्सीच्या मुलांना लघुचित्रावर अतिनील टॉर्च मारून दाखवू का? ऑनलाइन स्वस्तात मिळतो.

टॉर्च घरीच ठेवा. कागदावरच्या लघुचित्रासाठी उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास, म्हणजे मंदच ठेवतात तो उगाच नाही. उजेडाने होणारी हानी साठत जाते आणि उडालेला रंग चित्र पुन्हा अंधारात ठेवल्याने परत येत नाही. ‘एका वर्गाने काय होतंय?’ असं प्रत्येक वर्ग म्हणतो. स्वस्त टॉर्चच्या खोक्यावर छापलेली तरंगलांबी खरी असेलच असंही नाही. शिवाय चमकलं म्हणजे इंडियन यलोच, असंही नसतं. नंतरच्या दुरुस्तीत चिकटवायला वापरलेला सरसही चमकतो.

आता गोमूत्राचं. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी बिहारमधल्या मुंगेरजवळच्या मिर्झापूरचं वर्णन लिहून पाठवलं : आंब्याच्या पानांवर पोसलेल्या गायी, त्यांचं मूत्र आटवून केलेले पिवळे गोळे. पुढे काहींनी ती दंतकथा ठरवली. अलीकडे मुखर्जींनीच पाठवलेल्या नमुन्यांच्या रासायनिक तपासणीत मात्र त्यांच्या म्हणण्याला दुजोरा मिळाला. म्हणजे ऐकीव गोष्ट या वेळी खरी निघाली, पण ती ठरली तपासणीने, फॉरवर्डने नव्हे. तास यावरच घ्या. इंडियन यलोतल्या युक्झॅन्थिक आम्लाची रचना फळ्यावर काढा, मग चित्र आहे त्या उजेडात शांतपणे बघू द्या, फ्लॅशही नको. अतिनील तपासणी दाखवायचीच असेल तर संवर्धकांना, म्हणजे चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्यांना भेटा. आधीच्या तपासणीचे फोटो असतील तर बहुधा तेवढ्यात काम भागेल.

भेटीचे फोटो नॅकसाठी (महाविद्यालयांच्या मूल्यांकनासाठी) चालतील का?

तुमच्या आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला विचारा.

किती आधी कळवावं?

सत्र सुरू होण्यापूर्वी. फेब्रुवारीत फोन करून ‘परवा साठ मुलं आणतोय’ म्हणणाऱ्यांना दालनातून एक फेरी मिळते, तास मिळत नाही. येताना अभ्यासक्रम आणा आणि एकच प्रश्न ठरवून या. त्याला साजेशी दोन-तीन चित्रं अभिरक्षक काढून ठेवतील.

आमच्या कॉलेजला संग्रहालयच नाही.

पुण्यात असाल तर डेक्कन कॉलेजला पत्र लिहा, तिथे संग्रहालय आहे. इतरत्र असाल तर जवळच्या संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी बोला. याच आठवड्यात.