वाचकांचे प्रश्न : दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधन

प्रश्न : मी बी.डी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला असून मूळची यवतमाळ जिल्ह्यातली आहे. आमच्या भागात पाण्यातील फ्लोराइडमुळे मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात आणि तरुणांमध्ये खर्ऱ्याचे, म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांच्या मिश्रणाचे, व्यसन फार आहे. यांपैकी एखाद्या विषयावर उन्हाळ्यात संशोधन करावे असे मनात आहे. परंतु आमच्या खासगी महाविद्यालयात संशोधनाची प्रयोगशाळा नाही. अर्ज कोठे व केव्हा करावा, आणि प्रयोगशाळेशिवाय केलेल्या कामाला संशोधन म्हणतात का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या शंकेचे उत्तर आधी द्यायला हवे, कारण याच शंकेपायी अनेक चांगले विद्यार्थी अर्जच करीत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंत संशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली १९६०च्या दशकात देशाच्या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि पुढे महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. तंबाखूच्या सवयी आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध आज आपण गृहीत धरतो, त्यामागे अशा पाहण्यांचे मोठे बळ आहे. घरोघर जाणे, प्रत्येक माणसाला तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारणे, उजेडात तोंड नीट पाहणे आणि दिसले ते त्याच दिवशी नोंदवणे, हा त्या कामाचा पाया होता. तुमच्या महाविद्यालयाच्या ओ.पी.डी.त दंतवैद्यकाची खुर्ची, आरसा आणि रुग्ण आहेत. सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे.

अर्जासाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आय.सी.एम.आर.ची, ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’. एम.बी.बी.एस. आणि बी.डी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी १९७९पासून चालत आलेल्या या योजनेत दोन महिन्यांचे काम करायचे असते आणि मार्गदर्शक तुमच्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षक असावा लागतो. एका मार्गदर्शकाला त्या वर्षी एकाच विद्यार्थ्याचा प्रस्ताव घेता येतो, त्यामुळे ज्या शिक्षकांकडे जायचे आहे त्यांच्याकडे वर्गमित्रांच्या आधी पोहोचावे, हे स्पष्टपणे सांगतो. विद्यावेतन आणि प्रमाणपत्र मिळते ते अहवाल मंजूर झाल्यानंतरच. प्रस्तावात आणि अहवालात तुमचे, मार्गदर्शकांचे किंवा महाविद्यालयाचे नाव कोठेही येऊ द्यायचे नसते, कारण परीक्षकांनी केवळ मजकूर वाचून निर्णय करावा अशी ही व्यवस्था आहे. लहान गावातील, फारसे नाव नसलेल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना यातून खरी समान संधी मिळते आणि म्हणूनच मला ही योजना मनापासून आवडते. जाहिरातीची तारीख दरवर्षी मागेपुढे होते, तेव्हा दिवाळीपासूनच परिषदेच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे आणि त्या वर्षीची नियमावली पूर्ण वाचावी.

आता विषयाकडे वळू. फ्लोराइडचा विषय मोलाचा आहे, पण उन्हाळ्याच्या दृष्टीने त्यात एक मोठी अडचण आहे. दातांवरील डाग मोजायचे तर साधारण १२ वर्षांची मुले हवीत, कारण त्या वयापर्यंत बहुतेक कायमचे दात आलेले असतात. आणि ही मुले एका ठिकाणी भेटतात ती शाळेत. मे महिन्यात शाळा बंद असतात आणि विदर्भात तर त्या जूनच्या अखेरीस उघडतात. शिवाय मुलांच्या अभ्यासासाठी पालकांचे संमतिपत्र आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावे लागतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड योग्य मानले जाते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. परंतु आज १२ वर्षांच्या मुलाच्या दातावर दिसणारा डाग हा दात हिरडीच्या आत घडत असतानाच्या, म्हणजे त्याच्या लहानपणीच्या, पाण्याचा परिणाम असतो. मधल्या काळात गावाची विहीर बदलली असेल, नळयोजना आली असेल किंवा कुटुंबच दुसऱ्या गावाहून आले असेल, तर आजच्या पाण्याचा नमुना तुम्हाला चुकीचे उत्तर देईल. हा विषय सोडू नका. मात्र तो शाळा सुरू असलेल्या महिन्यांसाठी राखून ठेवा.

उन्हाळ्यासाठी खर्रा घ्या. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचेखाली तंतूंचे जाळे वाढते, त्वचा पांढुरकी व ताठ होते, तिखट सोसवत नाही आणि हळूहळू तोंड उघडेनासे होते. या विकाराचे, म्हणजे सबम्युकस फायब्रोसिसचे, वर्णन भारतात १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी केले होते. आणि सुपारी स्वतःच, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. ‘खर्ऱ्याचे दुष्परिणाम’ असा विषय मात्र प्रस्तावात लिहू नका, कारण तो दोन महिन्यांत कोणालाच संपवता येणार नाही. ‘आमच्या ओ.पी.डी.त येणाऱ्या, रोज खर्रा खाणाऱ्या प्रौढांमध्ये सवयीची वर्षे आणि तोंड उघडण्याचे प्रमाण यांचा संबंध’ एवढाच प्रश्न घ्या. वरच्या व खालच्या मधल्या दातांच्या कडांमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजता येते. ते प्रत्येक रुग्णाचे तीनदा मोजा, आणि काही रुग्णांचे माप पहिले आकडे न पाहता काही वेळाने पुन्हा घ्या. स्वतःच्याच दोन मापांत किती फरक पडतो हे ज्या विद्यार्थ्याने तपासले नाही, त्याच्या उरलेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. रुग्ण दिवसाला किती खर्रे खातो, ते किती वेळ तोंडात धरतो, थुंकतो की गिळतो, हे वऱ्हाडीतच विचारा. प्रमाण मराठीतील छापील प्रश्नावलीला लोक सभ्यपणे ‘नाही’ म्हणून मोकळे होतात.

माणसांवरील संशोधनाला परवानगी देणाऱ्या महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्याशिवाय एकाही रुग्णाची नोंद घेऊ नये. अनेक महाविद्यालयांत ही समिती वारंवार बसत नाही, त्यामुळे तिच्या पुढच्या बैठकीची तारीख आजच विचारून ठेवा. आणि एक विनंती : तपासणीत एखाद्याच्या तोंडात संशयास्पद पांढरा किंवा लाल चट्टा आढळला, तर त्याची नोंद करून थांबू नका, त्याला त्याच दिवशी मुखरोग विभागात स्वतः घेऊन जा.

प्रश्न : माझा मुलगा कोल्हापुरात बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला तोंडातील जिवाणूंविषयी कुतूहल आहे. दंतवैद्यकाचा विद्यार्थी नसल्यामुळे त्याला दारे बंद आहेत का?

उत्तर : बंद नाहीत, उलट या क्षेत्राला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची फार गरज आहे. बंगळूरु, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन अभ्यासवृत्ती देतात. तिच्यात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना देशातील एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम करता येते आणि अर्ज आदल्या वर्षीच्या अखेरीस भरावे लागतात. अर्जासोबत आपल्याला काय करायचे आहे याचे छोटे टिपण द्यायचे असते. त्यात ‘मला संशोधनाची आवड आहे’ असे न लिहिता, दात किडवणारा स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स साखरेपासून चिकट थर कसा बनवतो आणि त्यातील कोणती गोष्ट आपल्याला पाहायची आहे, हे त्याने लिहावे. खारघरमधील टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था तोंडाच्या कर्करोगावर आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र सूक्ष्मजीवांवर काम करते. तेथील शास्त्रज्ञांचे निबंध आधी वाचून मगच त्यांना पत्र लिहावे. लाळेवर काम मिळाले, तर नमुने रोज एकाच वेळी, खाण्यापिण्यानंतर किमान तासभर थांबून घ्यावेत आणि लगेच बर्फात ठेवावेत, एवढी शिस्त त्याने पहिल्या दिवसापासून पाळावी.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी येथे दंतवैद्यक शिकते आणि पुतण्या पुण्यात बी.डी.एस. करतो. दोघांनी एकाच उन्हाळ्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय दंत संशोधन संस्थेत काम करावे अशी आमची इच्छा आहे. शक्य आहे का?

उत्तर : मेरीलँडमधील बेथेस्डा येथे असलेली ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी तिची उन्हाळी योजना आहे, परंतु ती अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांच्यासाठीच आहे. मुलीने त्या वर्षीची घोषणा पाहून अर्ज करावा. पुतण्याला तेथे प्रवेश मिळणार नाही आणि पर्यटक व्हिसावर प्रयोगशाळेत काम करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. वर सांगितलेली आय.सी.एम.आर.ची योजना त्याच्यासाठी आहे. तो तिसऱ्या वर्षाला जाण्यापूर्वीच त्याने आपल्या महाविद्यालयातील मार्गदर्शकाशी बोलून घ्यावे, कारण अंतिम वर्षाच्या परीक्षा आणि रुग्णांच्या कामाचा कोटा सुरू झाला की दोन सलग महिने मिळणे कठीण होते.