पीएचडीला ग्रुप थिअरी घेतलीस? मग आधी ए-फोर

पहिले सहा महिने मोठ्या प्रमेयांच्या मागे धावू नकोस. फाइट आणि थॉम्प्सन यांचा विषम घटकसंख्येच्या ग्रुपांवरचा १९६३चा पेपर २५५ पानांचा आहे. आत्ता उघडलास तर झोप उडेल आणि हाती काही लागणार नाही. त्यापेक्षा छोटे ग्रुप हाताने पिंजून काढ.

ए-फोरच घे, म्हणजे चार आकड्यांच्या सम अदलाबदलींचा ग्रुप. घटक १२. लाग्रांजचं प्रमेय सांगतं की सबग्रुपच्या, म्हणजे आतल्या छोट्या ग्रुपच्या, घटकसंख्येने मोठ्या ग्रुपच्या घटकसंख्येला भाग जातो. ते उलटं वाचून बरेच जण म्हणतात, ६ने १२ला भाग जातो, म्हणजे ६ घटकांचा सबग्रुप असणारच. नसतो! असता तर त्याचा इंडेक्स (१२ भागिले ६) २, म्हणजे प्रत्येक घटकाचा वर्ग त्यात आलाच. पण तीन आकड्यांचं प्रत्येक चक्र (१च्या जागी २, २च्या जागी ३, ३च्या जागी १ अशी अदलाबदल) हे स्वतःच्या व्यस्ताचा वर्ग असतं, आणि अशी चक्रं आहेत ८. सहा जणांच्या खोलीत आठ मावणार कसे? हे वहीत स्वतः मांड. मी एम.एस्सी.ला नुसतं पाठ केलं होतं, तोंडी परीक्षेत पार फजिती झाली.

मग 'गॅप' हे ग्रुपची आकडेमोड करणारं मोफत सॉफ्टवेअर टाकून घे. एकरूप ते एकच धरले तर ८ घटकांचे ग्रुप ५, १६चे १४, ३२चे ५१, ६४चे २६७. ५१२चे? १,०४,९४,२१३! म्हणून 'घटकसंख्या दोनाचा घात असलेले सगळे ग्रुप शोधून काढ' असला विषय कोणी सुचवला तर गोड बोलून टाळ.

आणि गाइडकडे जाताना नुसतं 'समजलं नाही' म्हणू नकोस. कुठल्या ओळीवर अडलं ते दाखव, सोबत एखादं उदाहरण सोडवून ने.