सगळीच कामं पहिली

"मॅडम, सगळीच कामं महत्त्वाची आहेत. आधी कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला बेकरीवाल्यानं विचारलाय, छापखानावाल्यानं विचारलाय आणि घरून शिवणकाम करणाऱ्या ताईंनीही. म्हणून ही एक गोष्ट, ओळख पुसून.

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतले दोघे भाऊ. कास्टिंगचं, म्हणजे ओतीव भागांचं, मशीनिंग करणारं वर्कशॉप, व्हीएमसी (हे भाग कापून-छिद्रं पाडून नेमक्या मापात आणणारं संगणकचालित मशीन) एकच, त्यावर काम लावून देणारा चांगला सेटरही एकच. थोरल्यांना जुन्या गिऱ्हाइकांची जॉबवर्कं सांभाळायची होती. धाकट्याला स्वतःचं पंपाचं उत्पादन काढायचं होतं. थोरल्यांची झोप उडाली म्हणून ते माझ्याकडे समुपदेशनाला आले. तिसऱ्या भेटीला मी धाकट्यालाही बोलावलं.

"मशीनवर आज काय लावायचं, हे कोण ठरवतं?"

"ज्याचा फोन शेवटी येतो, तो," धाकटा म्हणाला. थोरल्यांनी नाकारलं नाही.

"सेटिंग बदलायला किती वेळ जातो?"

"फिक्स्चर, टूल, पहिला पीस पास होईपर्यंत... दोन तास."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. तीनदासुद्धा."

बारा तासांच्या शिफ्टमधले चार ते सहा तास. पण हिशेब दाखवून कुणी बदलत नाही, हे मला आता ठाऊक आहे. मी विषय बदलला.

"गावाकडे शेती?"

"ऊस आहे. चुलत्यांच्यात नि आमच्यात एकच विहीर."

"पाणी कसं वाटता?"

"पाळीनं."

"तुमची पाळी आली की सगळ्या सऱ्यांना एकदम सोडता?"

थोरले हसले. "असं कसं? एक सरी शेवटापर्यंत भरली की मगच दारं मोडून पाणी पुढच्या सरीला वळवायचं. सगळीकडं थोडं थोडं सोडलं तर टोकाला पाणी पोचतच नाही." आणि मध्येच थांबले. धाकट्याकडे वळून म्हणाले, "आपण दिवसातनं तीनदा दारं मोडतोय रे."

मी गप्प राहिले. अशा वेळी तोंड मिटून बसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

जे शेतावर लहानपणापासून कळतं, ते वर्कशॉपमध्ये का कळू नये? कारण अडचण गणिताची नव्हतीच. विहिरीवर पाळी ठरलेली, त्यामुळे 'नाही' म्हणावं लागत नाही. इथे प्रत्येक फोन म्हणजे एक नकार, आणि थोरल्यांच्या मनात पक्कं बसलेलं: सगळ्यांना खूश ठेवलंच पाहिजे, एक जरी गिऱ्हाईक तुटलं तरी संपलंच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी वापरते, ती या 'च'वरच बोट ठेवते. गिऱ्हाईक टिकावं ही इच्छा योग्य. टिकलंच पाहिजे, हा हट्ट झोप खातो.

पुढचं सोपं होतं. तुमच्याकडेही आधी विहीर शोधा: मशीन, भट्टी, कुशल माणूस की रोकड, नेमकं काय अपुरं आहे? मग ऑर्डर किती मोठी हे बघू नका. कच्चा माल वजा जाता त्या अपुऱ्या गोष्टीच्या एका तासाला किती सुटतं, ते बघा. चाळीस तास खाऊन ऐंशी हजार देणाऱ्या कामापेक्षा पंधरा तासांत पंचेचाळीस हजार देणारं बरं. पैसे कधी हातात येतात, तेही धरा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करावं, असं २००६ चा कायदा सांगतो, पण वसुलीचा अनुभव तुमचा तुम्हाला. आणि उद्याच्या उत्पादनाला उरलेला वेळ देऊ नका. तो कधीच उरत नाही.

भावांनी फळ्यावर पाळी लिहिली. आठवड्याला दोनच सेटिंग, शनिवार धाकट्याच्या पंपाचा. थोरल्यांनी माझ्यासमोर बसून दोन गिऱ्हाइकांना पुढची तारीख सांगितली. एकानं लगेच मान्य केली. दुसऱ्यानं काम काढून घेतलं.

"आणि झोप?" पुढच्या भेटीत मी विचारलं.

"त्याच रात्री लागली," ते म्हणाले. "मलाच नवल वाटलं."